पान म्हणजे पाव, साल म्हणजे मीठ!

बालमित्रांनो, आधी एक छोटीशी परीक्षा. घाबरू नका, मार्क-बिर्क काही नाहीत! पुढच्या सहा शब्दांचे अर्थ सांगा बरं : पान, साल, उवा, सोपा, लावा, पेला.

"हॅ, त्यात काय अवघड? पान झाडाचं, साल केळ्याची, उवा डोक्यातल्या, सोपा म्हणजे अवघड नसलेला..."

थांबा, थांबा! सहाच्या सहा चूक! पान म्हणजे पाव. साल म्हणजे मीठ. उवा म्हणजे द्राक्ष. सोपा म्हणजे सूप. लावा म्हणजे धू आणि पेला म्हणजे सोल.

हसलात ना? पण या परीक्षेत मीसुद्धा तुमच्यासारखीच साफ नापास झाले होते. ती सगळी गंमत सांगण्यासाठी आज तुम्हाला एका लांबच्या गावी घेऊन जाते. गावाचं नाव वॅलेन्सिया. देश स्पेन. तिथले लोक मात्र आपल्या गावाला ‘बालेन्थिया’ म्हणतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा अगदी छोटी, दोनशिक्षकी. शेजारीच तांडा आहे. बंजारा लोकांच्या वस्तीला तांडा म्हणतात. बाकीची मुलं गावातली. मुलं मला ‘बाई’ म्हणतात आणि बाईंना सगळं येतं अशी त्यांची पक्की समजूत आहे. (ती तशीच राहू दे!) माझा दादा नोकरीनिमित्त वॅलेन्सियाला असतो. २०२४ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं मला बोलावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, तेही दोन विमानं बदलून.

वॅलेन्सिया हे स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं, भूमध्य समुद्राकाठचं शहर. रस्त्यांच्या दुतर्फा आपल्याकडे कडुनिंब असावेत तशी तिथं संत्र्याची झाडं! मी विदर्भातली, त्यामुळे संत्री पाहून जीव सुखावला. मी ऐटीत माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला म्हटलं, "अरे, आमच्या नागपूरला ये, मग दाखवते तुला संत्री!"

तो म्हणाला, "आत्या, नागपूरची सोलायला सोपी असतात ना? सैल सालीची? त्याला इथं ‘मांदारिना’ म्हणतात. ही जी घट्ट सालीची, मोसंबीसारखी असतात, ती ‘नारांखा’. दोन्ही वेगळी!"

घ्या! संत्र्याच्या मुलखातल्या बाईंना नऊ वर्षांच्या पोरानं संत्र्याचा धडा दिला.

वहिनी त्या वेळी स्पॅनिश शिकत होती. घराजवळच्या एका सभागृहात परदेशातून आलेल्या लोकांसाठी मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सात वाजता वर्ग भरायचा. संध्याकाळ म्हणायची, पण जूनमध्ये तिथं रात्री नऊ वाजेपर्यंत लख्ख उजेड असतो बरं का! वहिनीनं तिथल्या बाईंना विचारलं, "माझी नणंद आली आहे. ती शिक्षिका आहे. बसू का तिला?" बाई हसून हो म्हणाल्या. आणि अशा रीतीनं वीस मुलांना शिकवणारी मी पहिलीच्या बाकावर जाऊन बसले.

वर्गात कोण कोण होतं सांगू? मोरोक्को देशातल्या एक मावशी. युक्रेनमध्ये २०२२ साली मोठं युद्ध सुरू झाल्यावर नातीला घेऊन तिथं आलेले एक आजोबा. सेनेगलचे दोन तरुण. वहिनी आणि मी. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती आणि बाई तर स्पॅनिशशिवाय चकार शब्द बोलायच्या नाहीत. आता शिकवणार तरी कसं?

मला वाटलं, बाई फळ्यावर शब्द लिहितील, आम्ही वहीत उतरवून घेऊ. पण फळा कोराच राहिला. बाईंनी टेबलावर ठेवली एक जाड कापडी पिशवी. आपली भाजीची असते ना, तशीच. पिशवीचं तोंड नाडीनं आवळलेलं. बाईंनी स्वतः आत हात घातला, डोळे मिटले, काहीतरी चाचपलं आणि विचारलं, "के एस?" म्हणजे ‘हे काय आहे?’ मग स्वतःच उत्तर दिलं, "एस उन तोमाते." आणि हात बाहेर काढला. हातात टोमॅटो!

मग पिशवी आमच्याकडे फिरली. ज्यानं त्यानं आत हात घालायचा, पाहायचं नाही, फक्त चाचपायचं. माझ्या हाताला काहीतरी गोल, लहान, टोकाशी चोच असलेलं लागलं. मी एकदम ओरडले, "लिंबू!" सगळे हसले. बाई म्हणाल्या, "सी, सी! लिमोन." सी म्हणजे हो. मी पिवळंधमक लिंबू बाहेर काढलं आणि माझा पहिला स्पॅनिश शब्द असा थेट हातात आला. त्याचा वाससुद्धा बोटांना लागला. सांगा बरं, आता तो शब्द मी कशी विसरेन?

एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. पहिल्या तीन तासांत बाईंनी कुणालाही बोलायची सक्ती केली नाही. युक्रेनचे आजोबा तर तोंडातून अवाक्षर काढत नव्हते. बाई म्हणायच्या ‘तोमाते’, की ते टोमॅटो उचलून दाखवायचे. म्हणायच्या ‘पाताता’, की बटाटा उचलायचे. बस्स, एवढंच. तरी बाई "मुय ब्येन!" म्हणजे ‘छान!’ म्हणून टाळी द्यायच्या. अमेरिकेतल्या जेम्स ॲशर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात अशीच एक पद्धत मांडली होती. ते म्हणत, तान्हं बाळ भाषा कशी शिकतं? आधी पुष्कळ ऐकतं. ‘दे’ म्हटलं की देतं, ‘ये’ म्हटलं की येतं. बोलायला लागतं ते नंतर. म्हणून नवी भाषा शिकवतानाही आधी ऐकू द्या, हातापायांनी करू द्या, जीभ आपोआप मागून येईल.

हे ऐकून माझ्या मनात कुठंतरी टोचलं. काय टोचलं ते शेवटी सांगते. आधी फजिती ऐका.

तिसऱ्या तासाला फळांची कोशिंबीर करायची होती. तिला तिथं ‘माथेदोनिया’ म्हणतात. बाई हुकूम देणार, आम्ही करणार. मला एक सफरचंद मिळालं. बाई म्हणाल्या, "लावा!" मला कळेना, काय लावू? कुठं लावू? शेजारच्या सेनेगलच्या मुलानं नळाकडे बोट दाखवलं. अच्छा, धुवायचंय! धुऊन आणलं. मग बाई म्हणाल्या, "पेला!" हा तर आपला शब्द! मी लगबगीनं उठले आणि कोपऱ्यातला काचेचा पेला बाईंच्या हातात नेऊन दिला. बाई पेल्याकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात! वहिनी हसून हसून बेजार. ‘पेला’ म्हणजे सोल हे मी जन्मात विसरणार नाही. ‘कोर्ता’ म्हणजे काप. ‘कोमे’ म्हणजे खा. हा शेवटचा हुकूम मात्र कुणालाच समजावून सांगावा लागला नाही!

त्याच दिवशी डोळे बांधून चवी ओळखायचा खेळ झाला. जिभेवर मध : दुल्थे, गोड. लिंबाचा रस : आथिदो, आंबट. मीठ : सालादो, खारट. बिनसाखरेची कॉफी : आमार्गो, कडू. चव लागताक्षणी शब्द कानावर यायचा. तुम्ही पाढे घोकता ना, तसं घोकायचं काही कामच नव्हतं.

आणखी एक मजा. स्पॅनिशमध्येही वस्तू ‘तो’ आणि ‘ती’ असतात. ‘ते’ मात्र नाही. आपला बटाटा तो, त्यांची पाताता ती! आपलं संत्रं ते, त्यांची नारांखा ती. आपला टोमॅटो तो, त्यांचाही तो. निदान टोमॅटोच्या बाबतीत तरी आपलं जमलं!

आता ज्यासाठी मी तुम्हाला इतक्या लांब आणलं, त्यातली पहिली गोष्ट.

चौथ्या तासाला बाईंनी एका वाटीत साखर ठेवली. प्रत्येकाला चिमूटभर दिली आणि म्हणाल्या, "आथूकार." मग खुणेनं विचारलं, तुमच्या भाषेत हिला काय म्हणता?

मोरोक्कोच्या मावशी म्हणाल्या, "सुक्कर."

युक्रेनचे आजोबा, जे इतके दिवस तोंड उघडत नव्हते, ते हळूच म्हणाले, "त्सूकोर."

मी म्हटलं, "साखर."

क्षणभर सगळे एकमेकांकडे पाहतच राहिले. आथूकार, सुक्कर, त्सूकोर, साखर! पुन्हा एकदा म्हणून पाहा. सख्खी भावंडं वाटतात की नाही?

ती भावंडंच आहेत! आणि त्यांची आजी कोण, माहीत आहे? आपल्या संस्कृतातली ‘शर्करा’. उसाच्या रसापासून साखरेचे दाणे करायची विद्या भारतात फार जुनी. इथून ती इराणात गेली, तिथून अरबांकडे गेली आणि साखरेबरोबर तिचं नावही गेलं. इ. स. ७११मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुसलमानी फौजा स्पेनमध्ये उतरल्या. पुढे कित्येक शतकं स्पेनच्या मोठ्या भागावर मुसलमानी राज्य होतं. वॅलेन्सिया तर १२३८ सालापर्यंत त्यांच्याकडे होतं. त्या काळात ऊस, भात, संत्री, वांगी अशी कितीतरी पिकं तिथं रुजली आणि त्यांची नावं स्पॅनिश भाषेत रुजली. संस्कृतातलं ‘नारंग’ इराणात ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’ आणि स्पेनमध्ये ‘नारांखा’ झालं. आपण ज्याला नारिंगी रंग म्हणतो तो त्याच घराण्यातला. स्पॅनिशमध्ये वांग्याला ‘बेरेन्खेना’ म्हणतात. अरबीत ‘बाधिंजान’, हिंदीत ‘बैंगन’. बघा, कसे हात धरून चाललेत!

आणि उलट दिशेनंही प्रवास झाला बरं का. १४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या बाजूला पोहोचला. त्यानंतर तिकडून टोमॅटो, बटाटा, मिरची युरोपात आली आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली. टोमॅटो हे नाव मूळचं मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेतलं, ‘तोमात्ल’. आणि ‘बटाटा’ हा शब्द आपण थेट पोर्तुगीजांकडून उचलला. ‘पाव’सुद्धा त्यांचाच. म्हणजे वडापावमधला वडा तेवढा अस्सल आपला. आतला बटाटा, बाहेरचा पाव आणि सोबतची मिरची असे तिघंही पाहुणे!

त्या संध्याकाळी युक्रेनचे आजोबा घरी जाताना मला हात करून म्हणाले, "त्सूकोर!" मी म्हटलं, "साखर!" पुढे रोज आमचा नमस्कार तसाच व्हायचा.

बाईंनी मग गृहपाठ दिला : ‘आर्रोथ’ कुठं उगवतो ते पाहून या. आर्रोथ म्हणजे तांदूळ. रविवारी आम्ही बसनं निघालो. शहराच्या दक्षिणेला दहा किलोमीटरवर ‘आल्बुफेरा’ नावाचं मोठं तळं आहे. अरबीत या नावाचा अर्थ ‘छोटा समुद्र’. तळ्याभोवती नजर पोहोचेल तिथवर भाताची खाचरं, पाण्यानं काठोकाठ भरलेली. त्यात आभाळाचं प्रतिबिंब आणि पांढरे बगळे. मला तर क्षणभर वाटलं, आपण पावसाळ्यात भंडारा-गोंदियाकडेच आलो आहोत! फक्त वाकून रोवणी करणाऱ्या बायका आणि त्यांची गाणी तेवढी नव्हती.

याच तांदळाची ‘पाएया’ करतात. त्या भागातल्या भाषेत पाएया म्हणजे खरं तर कढई. मोठी, पसरट, दोन कानांची. पुढे कढईचं नाव पदार्थालाच पडलं. तेलात भाज्या किंवा मांस परतायचं, टोमॅटो घालायचा, केशर घालायचं, पाणी ओतायचं आणि तांदूळ पसरायचा. तांदूळ घातल्यावर ढवळायचं नाही! वहिनीनं माझ्यासाठी फक्त भाज्यांची केली होती. तळाशी जो खरपूस थर लागतो त्यासाठी तिथंही पोरांची भांडणं होतात. आपल्याकडे खिचडीच्या खरपुडीसाठी होतात तशीच!

भाच्यानं मला ‘ओर्चाता’ पाजली. ‘चुफा’ नावाच्या छोट्या गड्ड्यांचं ते थंडगार, दुधासारखं पेय. चुफा म्हणजे आपल्या शेतातल्या लव्हाळ्याच्या जातकुळीतलं गवत. आपण लव्हाळा उपटून उपटून थकतो, ते त्याच्या भाऊबंदाची शेती करतात! मी विचारलं, "ओर्चाताला मराठीत काय म्हणू रे?" भाचा म्हणाला, "काहीच नको म्हणूस आत्या, नुसती पी!" खरंच आहे. काही शब्दांचं भाषांतर होत नाही. ते प्यावेच लागतात.

आता माझी परीक्षा. शेवटचा वर्ग शनिवारी सकाळी बाजारात भरणार होता.

वॅलेन्सियाच्या मुख्य बाजाराचं नाव ‘मेर्कादो सेंत्राल’. १९२८ साली त्याचं उद्घाटन झालं. आठ हजार चौरस मीटरहून मोठी जागा, लोखंडी खांब, रंगीत काचा, नक्षीच्या फरश्या आणि मधोमध उंच घुमट. भाजीबाजार कसला, राजवाडाच तो! घुमटाच्या टोकावर वारा दाखवणारा धातूचा पोपट आहे. भाचा म्हणाला, "बाजारात सगळे पोपटासारखे बडबडतात ना, म्हणून!"

बाईंनी प्रत्येकाला एक चिठ्ठी आणि थोडे पैसे दिले. माझ्या चिठ्ठीवर होतं : एक किलो नारांखा. वाक्य पाठ होतं, "मे पोने उन किलो दे नारांखास, पोर फावोर." मला एक किलो संत्री द्या, कृपा करून. घरी भाच्यासमोर मी ते वीस वेळा म्हटलं होतं.

दुकानापाशी गेले. रांग कुठंच दिसेना. लोक इकडेतिकडे उभे. मी आपली उभी राहिले. एक आजी आल्या, घेऊन गेल्या. एक काका आले, घेऊन गेले. पंधरा मिनिटं झाली, मला कुणी विचारीना! मग समजलं, तिथं रांग डोळ्यांना दिसत नाही. आल्या आल्या विचारायचं असतं, "क्येन एस एल उल्तिमो?" म्हणजे ‘शेवटचं कोण?’ ज्यानं हात वर केला त्याच्या नंतर आपला नंबर. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी दुकानवाल्या मावशींनी माझ्याकडे पाहून काहीतरी भराभरा विचारलं. आणि काय सांगू तुम्हाला, माझं डोकं एकदम कोरं झालं! वीस वेळा पाठ केलेलं वाक्य पार पुसलं गेलं. घशाला कोरड पडली. मागे लोक उभे. समोर संत्र्यांचा डोंगर आणि मला ‘संत्रं’ म्हणता येईना. मला सगळं येत होतं हो! पण त्या क्षणी मला पाहणारा कुणीही म्हणाला असता, या बाईला काहीच येत नाही. मी मान खाली घालून नुसतं बोट दाखवलं.

दुकानवाल्या मावशी हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. त्यांनी एक संत्रं उचललं, माझ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "तारोंजा." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "नारांखा." आणि थांबल्या. मागे गर्दी असूनही थांबल्या.

मी हळूच म्हटलं, "नारांखा."

"मुय ब्येन!" त्यांनी एक किलो संत्री तोलली आणि वर एक संत्रं माझ्या हातावर तसंच ठेवलं.

बाहेर आल्यावर भाच्यानं उलगडा केला. वॅलेन्सियात दोन भाषा चालतात. एक स्पॅनिश आणि दुसरी तिथली घरची, वॅलेन्सियन. दोन्ही सरकारी कामात चालतात, शाळेतही असतात. संत्र्याला वॅलेन्सियनमध्ये ‘तारोंजा’ म्हणतात. मावशींनी आधी त्यांच्या घरचा शब्द सांगितला आणि मग मी शिकायला आले होते तो शब्द. एकाही शब्दाला त्यांनी चूक म्हटलं नाही.

मी बाजाराच्या पायरीवर बसून ते संत्रं सोललं. साल घट्ट होती. सोलता सोलता मला माझ्या शाळेतली एक मुलगी आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. भाचा म्हणाला, "आत्या, सालीचा रस उडाला का?" मी म्हटलं, "हो."

पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

ती मुलगी २०२३ साली तांड्यावरून पहिलीत आली. घरी तिची भाषा गोरमाटी. पहिल्याच आठवड्यात मी भाकरीचं चित्र दाखवून विचारलं, "हे काय?" ती उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "बाटी!" गोरमाटीत भाकरीला बाटी म्हणतात. मी म्हटलं, "बाटी नाही गं, भाकरी म्हण. भाकरी!" वर्ग हसला. ती खाली बसली. त्यानंतर दिवाळीपर्यंत ती वर्गात एक शब्द बोलली नाही आणि पुढेही विचारलं तेवढंच, एका शब्दात. मी तिच्या प्रगतिपत्रकावर लिहिलं : ‘बोलत नाही.’

माझं मलाच कळलं नाही की ती बोलत नव्हती ते तिला येत नव्हतं म्हणून नाही. तिनं तिच्या घरचा शब्द मोठ्या विश्वासानं माझ्या हातात दिला होता आणि मी तो खाली टाकला होता. दुकानवाल्या मावशींसारखं मी एक क्षण थांबले असते तर?

जून संपता संपता विदर्भातल्या शाळा उघडल्या. पहिल्याच आठवड्यात मी टेबलावर एक जाड कापडी पिशवी ठेवली. नाडीनं तोंड आवळलेली. आत कांदा, वांगं, लिंबू, मक्याचं कणीस, शेंगा आणि फडक्यात गुंडाळलेली एक भाकरी. म्हटलं, "आत हात घालायचा, पाहायचं नाही. काय आहे ते सांगायचं. आणि आपल्या घरी ज्या नावानं म्हणतात त्याच नावानं सांगायचं."

मुलांनी अशी गर्दी केली म्हणता! एकेकाचा हात आत आणि बाकीच्यांचे डोळे बाहेर. तिची पाळी आली. ती आता दुसरीत होती. तिनं हात घातला. फडकं चाचपलं. तिला कळलं, मला दिसलं की तिला कळलं. पण तिनं ओठ मिटून माझ्याकडे पाहिलं.

मी थांबले. वर्गात चुळबुळ सुरू झाली तरी थांबले.

"बाटी," ती अगदी हळू म्हणाली.

मी म्हटलं, "बाटी." आणि फळ्यावर लिहिलं : बाटी. मग त्याच्या शेजारी लिहिलं : भाकरी. दोन्ही एकाच रंगाच्या खडूनं.

तिनं फळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, मारी याडी बाटी करच." याडी म्हणजे आई. माझी आई भाकरी करते! शाळेत आल्यापासूनचं तिचं ते पहिलं अख्खं वाक्य होतं. भाकरीचे आम्ही तुकडे केले आणि मुलांनी मिटक्या मारत खाल्ले. ‘कोमे’ हा हुकूम इथंही समजावून सांगावा लागला नाही.

आता दर शनिवारी आमच्याकडे पिशवी येते. एका वस्तूची जितकी नावं वर्गात असतील तितकी फळ्यावर चढतात. साखरेच्या दिवशी मी ‘आथूकार’, ‘सुक्कर’ आणि ‘त्सूकोर’ही लिहिले. मुलं आता एकमेकांना पाहून ‘त्सूकोर!’ म्हणून ओरडतात. युक्रेनच्या आजोबांना हे कळलं तर किती आनंद होईल, नाही?

तर बालमित्रांनो, तुम्हीही हा खेळ खेळून पाहा. साहित्य अगदी सोपं : (हा आपला सोपा हं, त्यांचा नव्हे!) एक जाड पिशवी आणि स्वयंपाकघरातल्या सात-आठ वस्तू. सुरी किंवा टोकदार काही आत नको आणि खाण्याआधी सगळं धुऊन घ्यायचं. आईला विचारून घ्या, नाहीतर रात्रीच्या भाजीतला बटाटा तुमच्या पिशवीत सापडायचा! हात घाला, ओळखा आणि जमलेल्या प्रत्येकाला विचारा : तुझ्या घरी याला काय म्हणतात? वर्गात कुणी अहिराणी बोलत असेल, कुणी मालवणी, कुणी कोरकू, कुणी गोंडी, कुणी तेलुगू. ज्याचा शब्द सगळ्यात वेगळा असेल त्याला हसू नका. त्याच्याकडून तो नीट म्हणायला शिका.

आणि हो, तुमच्या वर्गात कुणी गप्प गप्प बसणारं असेल, तर पिशवी आधी त्याच्याकडे न्या. आणि मग जरा थांबा.